पहिली पायरी

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीने बसगाडीच्या रचनेवर लेख लिहावयास घ्यावा, ह्याचे आमच्या संपादक मंडळाला जरा नवलच वाटले. "त्यापेक्षा एखादी कविता दे ना," असे एका मैत्रिणीने सुचवलेही. परंतु विचार करा : आपल्यापैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी रोज बसने महाविद्यालयात येतात. बसची वाट पाहण्यात आपले जितके तास गेले, तितके ग्रंथालयात गेले असते तर विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत बाहेरच्या कोणाला जागाच उरली नसती! ज्या वाहनावर आपले शिक्षण अवलंबून आहे, त्याची घडण कशी असते, ती तशीच का असते आणि वेगळी असती तर काय झाले असते, हे प्रश्न मला तरी परके वाटत नाहीत. शिवाय माझ्यापुरते एक घरगुती कारणही आहे. तेच आधी सांगते.

माझी आत्या १९८९ साली ह्याच महाविद्यालयात प्रथम वर्ष कला वर्गात दाखल झाली होती. लहानपणी झालेल्या पोलिओने तिचा उजवा पाय अधू झाला. ती कॅलिपर बांधून कुबडीच्या आधाराने चालते. घरापासून थांब्यापर्यंत ती चालत जाई, इकडे उतरल्यावर वर्गापर्यंतही चालत येई. अडत असे ते बसमध्ये चढताना. पहिल्या पायरीवर कुबडी टेकवायची, डावा पाय उचलून वर ठेवायचा, आणि मग दाराची दांडी धरून सगळे शरीर ओढून घ्यायचे. मागे रांग, पुढे घंटेच्या दोरीला हात घातलेला वाहक. रोज कोणी ना कोणी "थांबा, मी घेतो वर" म्हणून तिला काखेत धरून उचली. माणसे चांगलीच होती. पण अठरा वर्षांच्या मुलीला रोज दोनदा परक्या माणसाने पोत्यासारखे उचलावे, हे तिला सोसवेना. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कॉलेजला गेलीच नाही. घरात शिवणयंत्र आले. तिच्या शिक्षणाचा विषय निघाला की घरचे म्हणत, "पायामुळे राहिलं." आत्या मला एकदा म्हणाली, "पायामुळे नाही गं. पायरीमुळे."

हे बोलणे मी ऐकून सोडून दिले होते. ते पुन्हा आठवले दिल्लीत.

२०२३ सालच्या डिसेंबरात आमच्या विभागाची सहल दिल्लीला गेली. राजघाट, लाल किल्ला, कुतुबमिनार हे सारे पाहिले. त्याचे वर्णन करून वाचकांना दमवीत नाही. माझ्या मनात राहिली ती तिथली हिरवी बस. काश्मिरी गेटजवळच्या थांब्यावर गाडी पदपथाला अगदी लागून उभी राहिली, दार सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करून उघडले, मी पाऊल पुढे टाकले आणि आत होते! पायऱ्या नाहीतच. दारातून आत गेले की सपाट मजला. माझ्या मागून एक वृद्ध बाई भाजीची पिशवी घेऊन सुनेशी बोलत बोलत चढल्या. त्यांच्या बोलण्यात खंडसुद्धा पडला नाही. वाहकाने आम्हा मुलींना गुलाबी तिकिटे दिली. दिल्लीत २०१९ च्या ऑक्टोबरअखेरपासून स्त्रियांना सरकारी बसप्रवास विनामूल्य होता. मैत्रिणी त्या फुकट तिकिटावर खूष होत्या. मी खाली मजल्याकडे पाहत होते. परत आल्यावर जमेल तेवढी माहिती गोळा केली. ती अशी.

बस उंच का असते?

आपल्याकडील बहुतेक बसगाड्यांचा जन्म मालमोटारीच्या पोटी झाला आहे. कारखान्यातून आधी चॅसी बाहेर पडते. चॅसी म्हणजे एक आडवी ठेवलेली शिडीच : दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. पुढे इंजिन, तेथून गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणारा लांब दांडा. ह्या शिडीवर ट्रकची हौद्याची बांधणी केली की ट्रक, आणि खिडक्या-बाकांची बांधणी केली की बस.

आता उंचीचा हिशेब करू. मोठ्या गाडीच्या चाकाचा व्यास साधारण एक मीटर. म्हणजे चाकांना जोडणारा आस जमिनीपासून अर्धा मीटर वर. आसावर कमानपाटे, पाट्यांना दबायला जागा, त्यावर शिडीच्या तुळया, आणि तुळयांवर मजला. अशा रीतीने बसचा मजला जमिनीपासून सुमारे ११०० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फुटांहून थोडा अधिक उंच जातो. इतके अंतर तीन पायऱ्यांत चढायचे, आणि त्यांतली पहिली पायरी सर्वांत उंच. कारण ती फार खाली आणली तर खाचखळग्यांत आपटेल. आमच्या गावच्या बसची पहिली पायरी मी आत्याच्याच शिवणकामाच्या टेपने मोजली. रस्त्यापासून अठरा इंच भरली. आपल्या घरच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते.

ह्या रचनेला नावे ठेवण्यापूर्वी तिचे गुणही सांगितले पाहिजेत. ती स्वस्त आहे, दणकट आहे. ओढ्यातून, डांबर उखडलेल्या घाटातून, पावसाळ्यातल्या चिखलातून हीच गाडी जाऊ शकते, आणि बिघडलीच तर तालुक्याचा कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करतो. चाके मजल्याच्या खाली दडत असल्याने आत आसनेही अधिक बसतात. खेड्यापाड्यांत बस पोहोचली ती ह्याच उंच गाडीच्या जोरावर. पण तिची मूळ आखणी मालासाठी झालेली आहे, हे विसरून चालत नाही. पोती पायऱ्या चढत नाहीत. त्यांना हमाल चढवतो. म्हणून मालमोटारीला पायरीचा विचार कधी करावाच लागला नाही.

मजला खाली कसा आला?

मजला खाली आणायचा म्हणजे त्याच्या वाटेत येणारी प्रत्येक वस्तू हलवावी लागते. जर्मनीतील निओप्लान कंपनीने १९७६ साली सखल मजल्याची शहरी बस पुढे आणली. त्यानंतर १९८९ च्या सुमारास मान आणि मर्सिडीज ह्या जर्मन कंपन्यांनी अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर बनवावयास सुरुवात केली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत युरोपातील शहरी बसचे रूपच पालटले. इंग्रजीत तिला 'लो-फ्लोअर' म्हणतात; दिल्लीत रिक्षावालाही तोच शब्द वापरतो, म्हणून मीही तोच वापरते.

ह्या गाडीत पहिला बदल इंजिनाचा. ते पुढून उचलून अगदी मागच्या टोकाला नेले. त्यामुळे पोटाखालून जाणारा लांब फिरता दांडा गेला. दुसरा बदल शिडीचा. सरळ तुळयांऐवजी सगळी बॉडीच पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यासारखी बांधली, की भार पिंजरा उचलतो आणि मजल्याखाली जाड तुळया लागत नाहीत. तिसरा बदल आसाचा, आणि तो मला सर्वांत गमतीचा वाटला. चाकाच्या मध्यातून सरळ जाणारा आस मजल्याच्या आड येतो; म्हणून आसाचा मधला भाग चाकाच्या मध्याहून खाली वाकवला आणि दोन्ही टोकांना दातेरी चाके बसवून शक्ती पुन्हा वर, चाकापर्यंत पोहोचवली. कावडीची दांडी मध्ये वाकावी तसा हा आस दिसतो, आणि त्या वाकलेल्या भागावरून प्रवाशांची वाट जाते. चौथा बदल पाट्यांचा. पोलादी कमानपाट्यांच्या जागी हवेने भरलेल्या रबरी उशा आल्या. त्यांचा एक जास्तीचा फायदा असा, की थांब्यावर दाराच्या बाजूच्या उशांतली थोडी हवा सोडली तर गाडी त्या बाजूला काही सेंटिमीटर झुकते. उंट बसताना गुडघे टेकतो तशी. सुटताना हवा पुन्हा भरायची.

इतके केल्यावर दाराजवळचा मजला जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटरवर, म्हणजे सोळा इंचांवर येतो. मधल्या रुंद दारात एक घडीची फळी असते. ती बाहेर उलटली की चाकाची खुर्ची तिच्यावरून आत येते, आणि आत खुर्ची उभी करण्यासाठी मोकळी जागा असते.

ह्याची किंमतही मोजावी लागते. चाके आता मजल्याच्या वर डोके काढतात. त्यांच्या चौकोनी घरांमुळे वाट अरुंद होते आणि आसने कमी होतात. इंजिन मागे असल्याने मागच्या आसनांसाठी पुन्हा पायरी चढावीच लागते. गॅसवर चालणारी गाडी असेल तर मजल्याखाली टाक्यांना जागा नसते. त्या बहुधा टपावर न्याव्या लागतात. गाडी महाग पडते, तिची देखभाल महाग पडते, आणि वेगरोधकाशी तिचे जन्माचे वैर असते.

दिल्लीची गाडी

दिल्लीत ही बस आली ती दोन मोठ्या उलथापालथींनंतर. पहिली हवेची. एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये आदेश दिला, की दिल्लीतील सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालवाव्यात. मुदती वाढत गेल्या, रांगा लागल्या, पण २००२ च्या अखेरीपर्यंत शहरातील बसगाड्यांचे डिझेल सुटले. दुसरी उलथापालथ खाजगी बसची. १९९२ पासून खाजगी मालकांना शहरात बस चालवण्याचे परवाने मिळाले. 'रेडलाइन' आणि नंतर 'ब्लूलाइन' ह्या नावांनी त्या ओळखल्या जात. प्रवासी जितके मिळतील तितके मालकाचे उत्पन्न. त्यामुळे एकाच मार्गावरच्या दोन गाड्या थांब्यापर्यंत शर्यत लावीत. चालत्या गाडीत चढणे, दारात लोंबकळणे हे नित्याचे झाले, आणि ब्लूलाइनखाली माणसे सापडल्याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरू लागली.

अशा वेळी २०१० च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दिल्लीत भरणार होत्या. दिल्ली परिवहन निगमाने, म्हणजे तेथील लोकांच्या भाषेत डीटीसीने, नव्या गाड्या घ्यायच्या ठरवल्या, आणि त्या लो-फ्लोअर घेतल्या : मागे इंजिन, नैसर्गिक वायू, ४०० मिलिमीटरचा मजला, हवेवर मिटणारी दारे. टाटा मोटर्स आणि अशोक लेलँड ह्या दोन भारतीय कंपन्यांनी त्या बांधल्या. साध्या गाडीला हिरवा रंग, वातानुकूलित गाडीला लाल. दोन्ही मिळून ताफा सुमारे पावणेचार हजारांपर्यंत गेला. त्यांत लाल गाड्या साडेबाराशेच्या वर होत्या. एका शहरासाठी इतक्या सखल गाड्या आपल्या देशात तोपर्यंत कोणी घेतल्या नव्हत्या.

ह्याच सुमारास केंद्र सरकारने २००८ साली शहरी बस कशी असावी ह्याचे नमुने ठरवून दिले आणि मजल्याच्या उंचीचे वर्ग पाडले : ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. २००९ पासून नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून शहरांना बसखरेदीसाठी पैसा मिळू लागला. शहराची बस म्हणजे ट्रकला लावलेल्या खिडक्या नव्हेत, ही गोष्ट सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे प्रथमच आली.

सेवेतील वर्षे

एखाद्या यंत्राचे खरे चरित्र कारखान्यात लिहिले जात नाही. ते आगारात लिहिले जाते. दिल्लीच्या लो-फ्लोअर गाडीचे चरित्र मिश्र आहे.

जमेची बाजू आधी. दारे मिटल्याखेरीज गाडी चालवायची नाही असा नेम झाल्याने दारात लोंबकळणे कमी झाले. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, हातात ओझे असलेले मजूर ह्यांचे चढणे-उतरणे सोपे झाले. पायऱ्या नसल्या की माणसे भराभर चढतात, आणि गाडी थांब्यावर कमी वेळ उभी राहते. म्हणजे जी सोय अपंगांसाठी म्हणून मागितली गेली, तिचा लाभ धडधाकट माणसांनाच संख्येने अधिक झाला. अर्थात गर्दीच्या वेळी चाकाच्या खुर्चीची जागा उभ्या प्रवाशांनी भरून जाते, हे मी स्वतः पाहिले.

आता खर्चाची बाजू. सुरुवातीच्या वर्षांत काही गाड्यांना आगी लागल्या आणि बरीच ओरड झाली. पुढे अडचण आली ती वयाची. ह्या गाड्यांचे आयुष्य बारा वर्षे किंवा साडेसात लाख किलोमीटर असे धरले होते. २०१०-११ नंतर डीटीसीने जवळजवळ दहा वर्षे नवी गाडी घेतली नाही. हिरव्या आणि लाल गाड्या एकदमच तरुण होत्या, त्या एकदमच म्हाताऱ्या झाल्या. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२५ साली दिल्ली विधानसभेत मांडला गेला, त्यात म्हटले आहे की डीटीसीच्या गाड्या २०१५-१६ मधील ४,३४४ वरून २०२२-२३ मध्ये ३,९३७ वर आल्या, आणि मार्च २०२३ अखेर सुमारे ४५ टक्के गाड्यांचे ठरलेले वय उलटून गेले होते. म्हातारी गाडी रस्त्यात बंद पडते; बंद पडलेल्या गाडीचा मजला कितीही सखल असला तरी तिचा उपयोग नाही.

दरम्यान आणखी एक पेच उभा राहिला. २०११ पासून दिल्लीत सरकारी देखरेखीखाली खाजगी ठेकेदारांच्या नारिंगी गाड्या धावू लागल्या होत्या, आणि त्या उंच मजल्याच्या होत्या. पुढे सरकारने आणखी उंच गाड्या घ्यायच्या ठरवल्या, तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा ह्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. सार्वजनिक वाहने अपंगांना वापरता आली पाहिजेत, हे १९९५ च्या कायद्यात होते आणि २०१६ च्या नव्या कायद्यात अधिक ठामपणे आले आहे. मग सार्वजनिक पैशातून अशी गाडी का घ्यावी, जिच्यात काही नागरिकांना चढताच येत नाही? २०१८ साल ह्या वादात गेले. अखेर २०१९ मध्ये ज्या नव्या उंच गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांना चाकाची खुर्ची उचलून घेणारी हायड्रॉलिक लिफ्ट बसवलेली होती.

लिफ्ट नसण्यापेक्षा असणे केव्हाही बरे. पण लिफ्ट आणि सखल मजला ह्यांत एक फरक आहे, आणि राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही जो सवलत व हक्क ह्यांतला भेद पाठ करतो तोच मला इथे दिसतो. लिफ्टसाठी कोणाला तरी सांगावे लागते. कोणी तरी येऊन ती चालवावी लागते. तोवर सगळी गाडी ताटकळते आणि चढणाऱ्याकडे पाहते. सखल मजल्यावरून माणूस इतर चौघांसारखा चढून जातो. आमच्या आत्याच्या भाड्यात सवलत आहे. पास तिच्या पिशवीत असतो. पायरीत मात्र तिला सवलत नाही.

जानेवारी २०२२ पासून डीटीसीत विजेवर चालणाऱ्या बारा मीटर लांबीच्या लो-फ्लोअर गाड्या दाखल होऊ लागल्या. विजेच्या गाडीत अवजड इंजिन नाही, त्यामुळे मजला खाली ठेवणे सोपे जाते. २०२४ आणि २०२५ ह्या दोन वर्षांत जुन्या हिरव्या-लाल गाड्या मोठ्या संख्येने निवृत्त झाल्या. म्हणजे मी पाहिली ती गाडी तिच्या आयुष्याच्या संध्याकाळी पाहिली. पण तिचा मजला तिच्या वारसांनी घेतला, हे तिचे यशच म्हटले पाहिजे.

अर्धी पायरी रस्त्याची

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की सखल गाडी आणली म्हणजे प्रश्न मिटला. मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका थांब्यावर जे पाहिले, त्याने विचारात पडले.

तिथे चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ उभ्या गर्दीच्या कडेला थांबले होते. गाडी आली, पण थांब्यासमोर दोन रिक्षा उभ्या असल्याने पदपथापासून चांगली चार हात दूर, रस्त्याच्या मध्येच थांबली. प्रवासी धावत रस्त्यावर उतरले. वाहक बिचारा भला होता. त्याने मधल्या दारातली फळी उघडून खाली टाकली. ती थेट रस्त्यावर टेकली आणि घसरगुंडीसारखी उभी राहिली. शेवटी दोन तरुणांनी खुर्ची मागून रेटली, एकाने पुढून ओढली, तेव्हा ते गृहस्थ आत गेले. सखल मजल्याच्या गाडीतही त्यांना उचलूनच घ्यावे लागले! मला १९८९ ची गोष्ट आठवली.

ह्यातले गणित साधे आहे. मजला ४०० मिलिमीटरवर आणि पदपथ १५० मिलिमीटर उंच, तर उरते अंतर २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच. गाडी थोडी झुकली तर त्याहून कमी. एवढी पायरी कोणीही चढेल, आणि मीटरभर लांबीच्या फळीला एकास चारचा उतार मिळेल. मदतीचा एक हात लागला तरी खुर्ची जाईल. पण गाडी पदपथापासून दूर थांबली, की फळीला पूर्ण ४०० मिलिमीटर उतरावे लागते. उतार एकास अडीचचा होतो. इमारतींच्या उतरंडीसाठी एकास बाराचा उतार योग्य मानतात. त्यावरून कल्पना करावी. आणि चालणाऱ्या माणसाचे काय? रस्त्यावरून चढताना लो-फ्लोअरची एकुलती एक पायरी सोळा इंचांची. आमच्या गावच्या बसची पहिली पायरी अठरा इंचांची. फरक दोन इंचांचा! हे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मी चकित झाले. आतल्या दोन पायऱ्या वाचतात हे खरे, पण पहिल्या पायरीचा प्रश्न एकटी गाडी सोडवू शकत नाही. अर्धी पायरी गाडीने उतरायची असते आणि अर्धी रस्त्याने चढायची असते.

काही शहरांनी ही गोष्ट उलट्या बाजूने हाताळली आहे. अहमदाबादेत ऑक्टोबर २००९ पासून 'जनमार्ग' सेवा सुरू झाली. तिथे गाडीचा मजला ९०० मिलिमीटरवर, आणि थांब्याचा फलाटही तितकाच उंच. रेल्वेच्या फलाटावरून डब्यात जावे तसे आत जायचे. पुण्यातही २०१५ पासून 'रेनबो' मार्गांवर असेच फलाट आहेत. उंच गाडी, पण उंच फलाट. म्हणून पायरी नाही. मात्र ह्या गाड्यांना त्या फलाटाखेरीज बाहेर कोठे थांबावे लागले, की पुन्हा तीच अडचण.

लंडनचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. तिथली 'रूटमास्टर' ही लाल दुमजली बस १९५६ पासून सेवेत होती. मागे उघडा, बऱ्यापैकी सखल ओटा. लोक त्यावर टुणकन उडी मारून चढत. सगळ्या शहराचे तिच्यावर प्रेम. तरीही चाकाच्या खुर्चीला तिच्यात वाट नव्हती, म्हणून ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावर धावून तिची नेहमीची सेवा संपली. त्या वर्षाच्या अखेरीस, हौशी लोकांसाठी राखलेल्या एक-दोन मार्गांचा अपवाद सोडता, लंडनची प्रत्येक बस लो-फ्लोअर झाली होती. आवडती गाडी निरोप देऊन बाजूला ठेवणे सोपे नसते. पण कोणासाठी बस चालवायची हे एकदा ठरले, की बाकीचे ठरवावे लागत नाही.

आपल्या फाटकाशी

आपल्या तालुक्याला ४०० मिलिमीटर मजल्याची गाडी उद्या मिळावी, असे मी म्हणत नाही. आपले रस्ते तिला चार दिवसांत खिळखिळी करतील. उंच गाडी आपल्याकडे अजून बरीच वर्षे राहील, आणि तिने राहावेही. पण अर्धी पायरी रस्त्याने चढायची असेल, तर ती आपल्या हातात आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या गटाने ह्या वर्षी महाविद्यालयाच्या मार्गावरचे तीन थांबे मोजले. एकाही ठिकाणी पदपथ नाही. आपल्या फाटकासमोर तर रस्त्याची कड मुरुमाची असून ती डांबरापेक्षा दोन इंच खालीच आहे. म्हणजे अठरा इंचांची पायरी आपल्या दारात वीस इंचांची होते. तिथे डांबरापासून आठ इंच उंचीचा, गाडीच्या लांबीएवढा पक्का ओटा बांधला आणि त्याला एका टोकाकडून लांब उतार दिला, तर चालकाने गाडी लगटून उभी केल्यावर त्याच अठरा इंचांतून दहा इंच उरतील. नवी बस नको, न्यायालय नको. चार-पाच ब्रास वाळू-खडी, थोडे सिमेंट आणि एक पिवळा पट्टा, एवढेच. तसा अर्ज आम्ही दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे. ते येईपर्यंत श्रमदानाला कोण कोण येणार, ह्याची यादी ग्रंथालयाच्या फलकावर लावलेली आहे. वाचकांनी ती केवळ वाचू नये.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. आत्याने गेल्या वर्षी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी. ए. ला नाव घातले आहे. गंमत अशी, की हे विद्यापीठ स्थापन झाले तेही १९८९ सालीच. अभ्यास ती घरीच, यंत्राशेजारी पुस्तक ठेवून करते. परंतु परीक्षेचे केंद्र आपले महाविद्यालय आहे, आणि परीक्षा मे महिन्यात आहे. माझ्या वडिलांनी रिक्षा ठरवू म्हटले, तर तिने मानेनेच नकार दिला. ओट्याचा आराखडा मी तिला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला, टेप उलगडून जमिनीपासून आठ इंच धरले, कुबडी त्यावर टेकवल्यासारखे करून पाहिले, आणि म्हणाली, "उंची ठीक आहे. पण कडेला गुळगुळीत घोटू नका म्हणावं गवंड्याला. पावसात कुबडी सरकते."